चहाबरोबरचे बिस्किट आणि आपली पथ्यचिठ्ठी

औषधाची चिठ्ठी लिहून झाली, की रुग्ण उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतो, "आणि खायचं काय?" प्रश्न साधा असला तरी वैद्याची खरी परीक्षा तेथेच होते. नाडी, जिव्हा, कोष्ठ यांचा विचार करून आपण औषध नेमके निवडतो. पथ्याचे वाक्य मात्र पुष्कळदा सवयीने तोंडातून निघून जाते. "हलकं खा. चहा-बिस्किट चालेल." आम्ही स्वतः हे वाक्य अनेक वर्षे उच्चारलेले आहे. ज्वर उतरलेल्या बालकास उच्चारले, अग्निमांद्याने जेवण टाळणाऱ्या वृद्धास उच्चारले, आणि दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या रुग्णाच्या उशाशी नातेवाइकांनी बिस्किटांचे पुडे आणून ठेवले तेव्हाही त्यास आमची मूक संमतीच होती. तेव्हा प्रस्तुत लेखात दोष द्यावयाचाच असेल तर त्याचा आरंभ आमच्यापासून करणे न्याय्य ठरेल.

या वाक्याचा आम्हांस पुनर्विचार करावयास लावले ते आष्टी परिसरातील एका मातेने. मूल चार वर्षांचे, वजन अपुरे, मलावरोधाची जुनी तक्रार आणि "जेवणच करत नाही" हे गाऱ्हाणे. चौकशी केली तेव्हा कळले, की मूल सकाळी एक पुडा, दुपारी एक पुडा आणि सायंकाळी चहात बुडवून आणखी चार-पाच बिस्किटे खाते. आम्ही वैद्यकीय अधिकारवाणीने सांगितले, "बिस्किट अजिबात बंद." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बंद करते की, डॉक्टरसाहेब. पण म्या सकाळी आठला कापूस वेचायला जाते. मंग लेकराच्या हातात देऊ काय?"

त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. 'नको' सांगणे हे अर्धेच पथ्य आहे. त्या जागी काय हवे ते सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही, हा धडा त्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या मातेने आम्हांस दिला.

बिस्किटाने जागा कशी घेतली?

बिस्किटावर राग काढण्यापूर्वी त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. ते कोरडे असते, टिकते, शिजवावे लागत नाही, मुलाच्या हातात मावते आणि हात खरकटा होत नाही. १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ले येथे पारले कंपनी स्थापन झाली. अशा कारखान्यांतून निघालेली ग्लुकोज बिस्किटे पुढील काही दशकांत खेड्यातील किराणा दुकानापर्यंत पोहोचली, ती या गुणांमुळे आणि परवडणाऱ्या किमतीमुळे. शेतमजुराच्या घरी चुलीपाशी बसायला वेळ नाही, ही वस्तुस्थिती त्यामागे आहे. ती नाकारून केलेला उपदेश चिठ्ठीच्या कागदावरच राहतो.

परंतु कोरडे, टिकाऊ आणि हाती देण्याजोगे अन्न आपल्याकडे नव्हते, असे मात्र नाही. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी मराठवाड्यातील प्रवाशाच्या शिदोरीत दोन-तीन दिवस सुखाने राहत असे. सोलापुरी कडक भाकरी तर आजही पिशवीत भरून विकली जाते. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, गुळपापडी ही सारी त्याच कुळातील मंडळी. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना आणि मुलांना मिळालेल्या सुकडीची आठवण आमच्या भागातील वडीलधारी माणसे आजही काढतात.

भट्टीत भाजलेले बिस्किटही आपल्या घरांस परके नव्हते. दिवाळीच्या आधी अथवा उन्हाळ्याच्या सुटीत बायका घरून पीठ, साखर, तूप घेऊन गावातील बेकरीवर जात, रांगेत बसत आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई व बिस्किटे भाजून आणत. भट्टीवाला किलोमागे केवळ भाजणावळ घेई. कोणता जिन्नस किती घातला, हे घरच्या बाईस ठाऊक असे. अर्थात जुने म्हणून सारे सोने मानण्याचेही कारण नाही. त्या डब्यातील बहुतेक बिस्किटे मैद्याची आणि वनस्पती तुपाची असत, आणि त्या काळच्या वनस्पती तुपात ट्रान्स मेदाचे प्रमाण मोठे होते. भारतात तेल-तुपातील या मेदाची मर्यादा दोन टक्क्यांवर आली ती २०२२ सालापासून. म्हणून आम्ही जुन्या डब्याकडे परत चला असे म्हणत नाही. जिन्नस ठाऊक असण्याची ती सोय परत आणू या, एवढेच म्हणतो.

करण आणि संयोग

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करावयास सांगितला आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही अष्टविध आहारविधिविशेषायतने आपणा सर्वांस पाठ आहेत. बिस्किटाच्या पुड्यास ती लावून पाहण्याचे कष्ट मात्र आपण फारसे घेत नाही.

पुड्याच्या मागील बाजूचा बारीक मजकूर वाचावा. सामान्यतः मैदा, साखर, शुद्धीकृत पामतेल, इन्व्हर्ट शुगर सिरप, दुग्धघन, मीठ अशी नावे आढळतात. त्यापुढे काही अंक येतात. ५०३ आणि ५०० ही फुगविणारी द्रव्ये, ३२२ व ४७१ ही तेल-पाणी एकजीव राखणारी, २२३ हे पीठ मऊ करणारे गंधकयुक्त द्रव्य, आणि शेवटी कृत्रिम वा निसर्गसदृश सुगंध. या अंकांचा बाऊ करण्याचे कारण नाही. ५०० म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडाच होय, आणि ३२२ म्हणजे लेसिथिन, जे सोयाबीनपासून मिळते. वैद्याने अंक दाखवून रुग्णास घाबरवू नये. ते शास्त्रीयही नाही आणि प्रामाणिकही नाही.

विचार करावयाचा तो संपूर्ण घडणीचा. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस माँटेरो यांनी २००९ साली अन्नाची विभागणी पोषकांशांऐवजी प्रक्रियेवरून करावी, असा विचार मांडला. त्यातून 'नोव्हा' हे वर्गीकरण पुढे आले. घरच्या स्वयंपाकघरात जे जिन्नस कोणी ठेवत नाही, अशा जिनसांपासून कारखान्यात घडविलेले पदार्थ त्यात अतिप्रक्रियित ठरतात. २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी जी सतरा आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही अशा पदार्थांचे सेवन कमीत कमी ठेवण्यास सांगितले आहे. द्रव्य तेच असले तरी संस्काराने त्याचे गुण बदलतात, हा 'करण' विचार आपल्यास नवा नाही. आधुनिक आहारशास्त्र आज वेगळ्या वाटेने त्याच्याजवळ येत आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही. दोन्ही एकच आहेत, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये.

'राशी'च्या दृष्टीने एक प्रयोग उल्लेखनीय आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. ताटात वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मेद व तंतू दोन्ही वेळी जवळपास सारखेच राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियित अन्नावर असताना ती माणसे दररोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खाऊन गेली आणि त्यांचे वजन वाढले. प्रयोग लहान आहे, अल्पकाळाचा आहे, तरी वैद्यास विचार करावयास लावणारा आहे. चावावे न लागणारे, तोंडात विरघळणारे अन्न मात्रेचे भान सुटू देते. चहात बुडविलेले बिस्किट याहून वेगळे काय असते?

अर्ध्या तासातील घरगुती बिस्किट

त्या मातेस आम्ही पुढच्या खेपेस जे लिहून दिले, ते येथे देतो. आमच्या घरी अनेकदा करून पाहिलेले हे प्रमाण आहे. त्यास भट्टी लागत नाही.

ज्वारीचे ताजे पीठ ५० ग्रॅम, गव्हाची कणीक ५० ग्रॅम, साजूक तूप ४० ग्रॅम, बारीक चिरलेला अथवा किसलेला गूळ ४० ग्रॅम, सुंठपूड दोन चिमटी, वेलदोड्याची पूड एक चिमूट आणि भिजविण्यापुरते दोन चमचे दूध.

जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, त्यावर लहान तिपाई अथवा वाटी उपडी ठेवावी आणि घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. तेवढ्या वेळात ज्वारीचे पीठ दुसऱ्या भांड्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटे कोरडे भाजून घ्यावे. भर्जनाने पिठास लाघव येते आणि कच्चट वासही जातो. तूप व गूळ हाताने एकत्र फेसावे, त्यात निवलेले पीठ, कणीक, सुंठ व वेलदोडा मिसळावा आणि लागेल तसे दूध शिंपडून गोळा बांधावा. फार मळू नये. मळल्यास बिस्किट चिवट होते. गोळ्याचे बारा भाग करून प्रत्येक भाग हलक्या हाताने चपटा करावा, तूप लावलेल्या ताटलीत सुटे मांडावेत आणि ताटली कढईतील तिपाईवर ठेवून मंद आचेवर झाकून अठरा ते वीस मिनिटे भाजावेत. कडा तांबूस झाल्या की उतरवावेत. गरम असताना ते मऊ लागतात; निवल्यावर खुसखुशीत होतात. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नयेत, नाहीतर वाफेने सादळतात.

कोरड्या डब्यात आठवडाभर टिकतात. त्याहून अधिक करून ठेवू नयेत. ज्वारीचे पीठ जुने झाले की कडवट होते, हे आपल्या भागात कोणास सांगावयास नको.

या कृतीत सोडा नाही आणि मीठही नाही. मीठ जाणूनबुजून वगळले आहे. दुग्ध व लवण यांचा संयोग आपण रुग्णास वर्ज्य सांगतो, मग स्वतःच्या कृतीत तो आणणे योग्य नव्हे. कढईतील मीठ केवळ उष्णता धरून ठेवते. ते पुन्हा पुन्हा त्याच कामी वापरता येते. ज्वारी रूक्ष आणि लघु, गहू स्निग्ध आणि गुरू. तुपाच्या साहाय्याने दोघांचा मेळ बसतो. शिवाय ज्वारीच्या पिठास स्वतःचा चिकटपणा नसल्याने बिस्किट बांधले जाण्यासाठीही कणीक हवीच.

ज्यांस गोड वर्ज्य आहे त्यांच्यासाठी खारा प्रकार करावा. ज्वारीचे भाजलेले पीठ ५० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, तूप ३० ग्रॅम, ओवा पाव चमचा, तीळ एक चमचा, थोडी जिरेपूड, चवीपुरते सैंधव आणि भिजविण्यास ताक. जाडसर लाटून चौकोनी तुकडे कापावेत व त्याच रीतीने भाजावेत.

घरचे म्हणजे पथ्याचे नव्हे

आता मुख्य सांगणे. येथे आपल्यातील अनेकांचे आमच्याशी मतभेद होतील, याची जाणीव ठेवूनच लिहीत आहोत.

घरी केलेले बिस्किट कारखान्याच्या बिस्किटाहून बरे, हे खरे. परंतु ते औषध नव्हे आणि लघु आहारही नव्हे. बाजारातील ग्लुकोज बिस्किटांत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेचारशे उष्मांक असतात. वर दिलेल्या कृतीचा हिशेब केला तर आकडा त्याहून कमी येत नाही, किंबहुना थोडा अधिकच येतो. प्रत्येक बिस्किटात तीन ग्रॅमहून थोडे अधिक तूप आणि तितकाच गूळ जातो. चार बिस्किटे खाल्ली, तर एका बैठकीत सुमारे तेरा ग्रॅम गूळ पोटात गेला. मग 'घरचे आहे, खा हवे तेवढे' असे म्हणण्यास आधार कोणता?

सूत्रस्थानाच्या मात्राशितीय अध्यायात पिष्टमय पदार्थांस गुरू म्हटले आहे. जेवण झाल्यावर ते खाऊ नयेत आणि भूक असतानाही मात्रेनेच खावेत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. चहाबरोबर, दोन जेवणांच्या मध्ये, आधीचे अन्न जिरण्यापूर्वी खाल्लेले बिस्किट कारखान्याचे असो वा घरचे, ते अध्यशनच होय. अग्नी जिन्नसाचे मूळ गाव विचारीत नाही.

मधुमेही रुग्णास "साखर नको, गूळ चालेल" असे सांगण्याची प्रथा आपल्यात रूढ झाली आहे. तीही सोडली पाहिजे. गुळात साखरेव्यतिरिक्त काही अंश असतात हे मान्य, परंतु त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तशर्करा वाढविण्याचे तिचे काम ती चोख करते. मधुमेही रुग्णासाठी खारा प्रकारही पिठाचा आहे, हे ध्यानी ठेवून एक-दोन तुकड्यांपलीकडे जाऊ देऊ नये. ज्यांस गव्हाची ॲलर्जी अथवा सीलिॲक व्याधी आहे, त्यांस कणकेची ही कृती देऊच नये.

तसेच 'आरोग्यदायी' म्हणून मध घालून भाजलेल्या बिस्किटांच्या कृती हल्ली फार दिसतात. मध उष्णतेशी विरोधी आहे, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवितो. निदान आयुर्वेद पदवीधराने तरी अशा कृतीस आपले नाव जोडू नये.

औषधालयाच्या फडताळातील बिस्किटे

आपल्या मासिक-त्रैमासिकांचे वाचक औषधालयांचे चालकही आहेत. त्यांस उद्देशून चार शब्द लिहिणे भाग आहे.

औषधालयांच्या फडताळात आज अश्वगंधा, शतावरी, नाचणी, 'मल्टिग्रेन' अशी नावे मिरविणारी बिस्किटे दिसतात. वेष्टनावर हिरवे पान असते आणि ग्राहक 'आयुर्वेदिक आहे ना?' असे विचारून निश्चिंत होतो. त्याच्या निश्चिंतीचा आधार ते वेष्टन नव्हे, आपले दुकान असते. म्हणून माल ठेवण्यापूर्वी घटकांची यादी वाचावी. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिली तीन नावे मैदा, साखर आणि पामतेल अशी असतील आणि अश्वगंधा सर्वांत शेवटी असेल, तर तो पदार्थ काय आहे हे आपणच ठरवावे.

'आयुर्वेद आहार' या नावासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली स्वतंत्र विनियम केले आहेत. त्यात ग्रंथोक्त कृतींचा आधार अपेक्षित आहे, स्वतंत्र बोधचिन्ह आहे, आणि वरून जीवनसत्त्वे व खनिजे मिसळण्यास मनाई आहे. कोणत्याही बिस्किटावर पान छापले म्हणजे ते आयुर्वेद आहार होत नाही, हे ग्राहकास सांगणे हे औषधालय चालकाचे काम आहे. त्याने विक्री थोडी घटेल. पण ज्या विश्वासावर आपली चूर्णे आणि आसवे विकली जातात, तो विश्वास त्याहून महाग आहे.

कोणी चालक स्थानिक बचत गटाकडून घरगुती बिस्किटे करवून विक्रीस ठेवू इच्छीत असेल, तर ते स्वागतार्ह आहे. मात्र अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी, घटकांची यादी, बनविल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत यांत कसूर नसावी. 'घरगुती' हा शब्द अस्वच्छतेस वा अंदाजपंचे कारभारास सवलत देत नाही.

पादांशिक क्रम

शेवटी त्या मातेकडे वळू. सवयीचे अपथ्य एका दिवसात तोडू नये; पाव-पाव अंशाने सोडावे आणि पथ्य तसेच पाव-पाव अंशाने धरावे, हा पादांशिक क्रम चरकांनी सूत्रस्थानात सांगितला आहे. आम्ही मुलाचा सकाळचा पुडा तेवढा बदलला. त्या जागी भाकरीचा तुकडा, दूध आणि घरचे एक बिस्किट. पुढील आठवड्यात दुपारच्या पुड्याच्या जागी फुटाणे व गूळ आले. संध्याकाळचे चहातले बिस्किट सुटण्यास सर्वांत अधिक काळ लागला. महिन्याभराने मूल जेवणाच्या वेळी भूक लागली म्हणू लागले. वजनात फार फरक नव्हता, पण कोठा साफ होऊ लागला होता. एका मुलावरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा हेतू नाही. आमचा अनुभव एवढाच, की 'बंद करा' या आज्ञेने जे झाले नव्हते, ते अर्ध्या कागदावर लिहिलेल्या कृतीने झाले.

मध्यंतरी ती माता पुन्हा भेटली. बिस्किटे आता ती दर आठवड्यास करीत नाही. "कापसाच्या दिवसांत जमत नाही," असे तिने मोकळेपणी सांगितले. त्या दिवसांत ती दशमी करून ठेवते. आम्हांस हे उत्तर आमच्या कृतीहून अधिक योग्य वाटले.

वैद्यबंधू-भगिनींनो, चिठ्ठीच्या मागची बाजू आपण बहुधा कोरीच ठेवतो. उद्यापासून त्या बाजूवर रुग्णाच्या घरातील जिनसांतून, त्याच्या वेळात बसेल अशी एखादी कृती आणि तिची मात्रा लिहून द्यावी. 'चहा-बिस्किट चालेल' हे वाक्य मात्र आपल्या तोंडातून पुन्हा निघू नये, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.